६९१ या संख्येची वाट : रामानुजन ते बेंगळुरू

बेंगळुरूच्या उत्तरेस, हेसरघट्टा भागातील शिवकोटे येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक विज्ञान केंद्र आहे. ‘आयसीटीएस’ या आद्याक्षरांनी ते ओळखले जाते. २०१५ पासून या आवारात वर्षभर परिषदा आणि कार्यशाळा भरतात, आणि त्यांत गणिताचा वाटा मोठा असतो. सप्टेंबर २०१९ मध्ये येथे ‘परफेक्टॉइड स्पेसेस’ या विषयावर जगभरातील अभ्यासक जमले होते. अशा परिषदांची बातमी छापून आलीच, तर ती बहुधा एका वाक्यात संपते : संख्या सिद्धांत आणि प्रतिरूपण सिद्धांत यांना जोडणाऱ्या नव्या प्रगतीवर चर्चा झाली. वाक्य खरे असते, पण त्यावरून काय जोडले गेले, कोणी जोडले आणि ते जोडण्याची गरज का पडली, यांतले काहीच कळत नाही.

हा जोड समजून घेण्याचा सर्वांत सरळ मार्ग ६९१ या एका मूळ संख्येतून जातो. तो मार्ग रामानुजन यांच्यापासून निघतो, दोनदा बेंगळुरूला येतो आणि अकोल्यालाही स्पर्श करतो.

१९१६ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, केंब्रिजमध्ये राहणाऱ्या श्रीनिवास रामानुजन यांनी काही अंकगणिती फलनांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात एक अनंत गुणाकार होता : क्ष घ्यायचा, त्याला (१ − क्ष) च्या चोविसाव्या घाताने गुणायचे, मग (१ − क्ष²) च्या चोविसाव्या घाताने, मग (१ − क्ष³) च्या, आणि असेच पुढे. हा गुणाकार उलगडला की क्ष, क्ष², क्ष³ यांचे जे सहगुणक मिळतात, त्यांना रामानुजन यांनी ‘टाऊ’ हे नाव दिले. पहिले काही असे : टाऊ(१) = १, टाऊ(२) = −२४, टाऊ(३) = २५२, टाऊ(४) = −१४७२, टाऊ(५) = ४८३०, टाऊ(६) = −६०४८.

पहिल्या दृष्टीला या संख्यांत काही क्रम दिसत नाही. पण −२४ ला २५२ ने गुणून पाहावे; उत्तर −६०४८ येते, म्हणजे टाऊ(६). रामानुजन यांनी म्हटले की सामाईक अवयव नसलेल्या कोणत्याही दोन संख्यांसाठी हे खरे असले पाहिजे. पुढच्याच वर्षी मॉर्डेल यांनी त्याची सिद्धता दिली. रामानुजन यांचे दुसरे अनुमान अधिक खोल होते : मूळ संख्येसाठी टाऊची किंमत त्या संख्येच्या साडेपाचाव्या घाताच्या दुपटीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. याच्या सिद्धतेसाठी १९७४ उजाडले. ती पिएर देलिन्य यांची.

याच टाऊविषयी एक तिसरी गोष्ट आहे, आणि ती विद्यार्थ्यांनी स्वतः कागदावर पडताळून पाहण्याजोगी आहे. २ चा अकरावा घात २०४८. त्यात १ मिळवा, २०४९. त्यातून टाऊ(२), म्हणजे −२४, वजा करा : २०७३. ही संख्या बरोबर ६९१ च्या तिप्पट आहे. आता ३ घ्या. त्याचा अकरावा घात १७७१४७. १ मिळवून २५२ वजा केले की १७६८९६ उरतात, म्हणजे ६९१ × २५६. कोणतीही मूळ संख्या घ्या, बाकी शून्यच येते. टाऊची व्याख्या चोविसाव्या घातांच्या गुणाकारातून झाली. अकरावा घात आणि ६९१ हे तिथे आले कुठून?

यातला पहिला पडदा बाजूला करणे अवघड नाही. टाऊची श्रेणी ही एक ‘मॉड्युलर फॉर्म’ आहे. मॉड्युलर फॉर्म म्हणजे विलक्षण सममिती असलेले फलन. ही सममिती इतकी कडक असते की अशी फलने फारच थोडी उरतात. टाऊच्या जातकुळीतले आणखी एक फलन आहे, आयझेनस्टाइन यांच्या नावाचे. त्याचे सहगुणक म्हणजे विभाजकांच्या अकराव्या घातांच्या बेरजा, आणि सुरुवातीचे स्थिर पद ६९१/६५५२०. आता ६९१ च्या पटी शून्य मानून हिशेब केला, तर हे स्थिर पद नाहीसे होते. स्थिर पद नसलेले त्या जातीचे फलन मुळात एकच आहे, टाऊचे. म्हणून ६९१ च्या नजरेतून पाहिले की दोन्ही फलने एकरूप दिसतात.

एवढ्यावर हे प्रकरण एक सुंदर चमत्कृती म्हणून मिटले असते. टाऊवर लिहिताना जी. एच. हार्डी यांनाही १९४० मध्ये आपण गणिताच्या मुख्य प्रवाहापासून दूर, एखाद्या आडबाजूच्या डबक्यात शिरतो आहोत असे वाचकाला वाटेल, ही शंका नोंदवावी लागली होती. हार्डी यांची जाण उथळ नव्हती. ज्या भाषेत टाऊचे महत्त्व दिसणार होते, ती भाषा तेव्हा संख्या सिद्धांतात आलेलीच नव्हती. ती घडत होती दुसरीकडे, भौतिकशास्त्रात.

ती भाषा प्रतिरूपण सिद्धांताची. सममिती ही अमूर्त गोष्ट आहे. चेंडू फिरवला तरी तो तसाच दिसतो, हे सर्वांना कळते; पण ‘फिरवणे’ या क्रियांचा हिशेब करायचा तर प्रत्येक क्रियेच्या जागी एक मॅट्रिक्स, म्हणजे संख्यांची चौकट, ठेवावी लागते. एकामागून एक दोन क्रिया केल्या की त्यांच्या मॅट्रिक्सचा गुणाकार व्हावा, एवढीच अट. अशा मांडणीला त्या सममितींचे प्रतिरूपण म्हणतात. एकाच सममितीची प्रतिरूपणे अनेक असतात आणि निसर्ग त्यांत भेद करतो. इलेक्ट्रॉन आणि प्रकाशकण अवकाशाच्या फिरण्याला वेगवेगळा प्रतिसाद देतात, कारण ते वेगवेगळ्या प्रतिरूपणांत राहतात. विशेष सापेक्षतेची सममिती, म्हणजे लोरेंझ ग्रुप, हिची सर्व प्रतिरूपणे कोणती, हा चाळीसच्या दशकात पदार्थविज्ञानातला जिवंत प्रश्न होता.

१९४३ मध्ये कानपूरचा एक वीस वर्षांचा तरुण या प्रश्नाच्या परिसरात आला, तो बेंगळुरूत. हरीश-चंद्र यांनी अलाहाबाद विद्यापीठातून एम. एस्सी. केले होते, त्यांचे अध्यापक के. एस. कृष्णन यांनी त्यांना भारतीय विज्ञान संस्थेत होमी भाभांकडे पाठवले. युद्धामुळे भाभांना केंब्रिजला परतता आले नव्हते आणि ते रामन यांच्या विभागात विश्वकिरणांवर काम करीत होते. बेंगळुरूतले पहिले काही महिने हरीश-चंद्र काळे कुटुंबाकडे राहिले. या घरातील काळेबाईंनी अलाहाबादला त्यांना फ्रेंच शिकवली होती. पुढे १९५२ मध्ये त्याच घरच्या ललिता हरीश-चंद्र यांच्या पत्नी झाल्या. चरित्रकार ही गोष्ट दोन ओळींत सांगून पुढे जातात. तरी युद्धकाळात घरापासून इतक्या दूर आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ओळखीच्या घराचे मोल कमी नसावे.

भाभा आणि हरीश-चंद्र यांनी बिंदुरूप कणांच्या सिद्धांतावर एकत्र शोधनिबंध लिहिले. १९४५ हे वर्ष दोघांनाही निर्णायक ठरले. १ जून रोजी भाभांनी विज्ञान संस्थेच्याच आवारात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे काम सुरू केले. वर्षअखेरीपर्यंत ती संस्था मुंबईला गेली. आणि हरीश-चंद्र केंब्रिजला डिरॅक यांच्याकडे गेले. १९४७ च्या त्यांच्या प्रबंधाचा विषय होता लोरेंझ ग्रुपची अनंत-मितीय प्रतिरूपणे.

डिरॅक यांच्याबरोबर ते प्रिन्स्टनला गेले आणि तिथे भौतिकशास्त्र सुटले. आपल्या सिद्धतांत काटेकोरपणा नाही ही खंत त्यांनी डिरॅक यांच्यापाशी बोलून दाखवली, तेव्हा डिरॅक यांनी आपल्याला सिद्धतांत नव्हे, निसर्ग काय करतो यात रस आहे असे सांगितले. भौतिकशास्त्रात लागणारे सहावे इंद्रिय आपल्यापाशी नाही, असा निष्कर्ष हरीश-चंद्र यांनी काढला. फ्रीमन डायसन याच सुमारास गणिताकडून भौतिकशास्त्राकडे निघाले होते. भौतिकशास्त्र विस्कळीत आणि निसटते आहे म्हणून आपण ते सोडतो असे हरीश-चंद्र यांनी म्हणताच, नेमक्या त्याच कारणासाठी आपण तिकडे चाललो आहोत, हे डायसन यांचे उत्तर प्रसिद्ध आहे.

पुढची पस्तीस वर्षे हरीश-चंद्र यांनी जवळजवळ एकाच ध्यासाने काम केले. लोरेंझ ग्रुपपुरता विचारलेला प्रश्न त्यांनी त्या प्रकारच्या सर्व ग्रुपना विचारला. वास्तव संख्यांवरचे ग्रुप आणि ‘पी-अ‍ॅडिक’ संख्यांवरचे ग्रुप यांना एकाच पंक्तीत बसवावे, हा त्यांचा आग्रह होता. पी-अ‍ॅडिक जगात दोन संख्यांमधले अंतर एखाद्या मूळ संख्येने मोजतात. वजाबाकीला त्या मूळ संख्येच्या जितक्या मोठ्या घाताने भाग जाईल, तितक्या त्या दोन संख्या जवळच्या. भौतिकशास्त्रज्ञाला हे जग कृत्रिम वाटेल. संख्या सिद्धांताचे मात्र ते स्वतःचे अंगण आहे, आणि त्या अंगणात प्रतिरूपणे नेऊन बसवण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात हरीश-चंद्र यांचे आहे. ऑक्टोबर १९८३ मध्ये, वयाची साठ वर्षे पुरी होऊन पाच दिवस झाले असताना, प्रिन्स्टनमध्ये एक परिषद चालू असतानाच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

दरम्यान मुंबईतही काही घडले होते. फेब्रुवारी १९५६ मध्ये टाटा संस्थेने झीटा फलनांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. त्या निमित्ताने आत्ले सेल्बर्ग यांनी आपले ‘ट्रेस फॉर्म्युला’वरील मूलभूत काम मांडले आणि ते त्याच वर्षी इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. सममित अवकाशावरील कंपनांच्या वारंवारता आणि त्या अवकाशातील बंद वाटांची लांबी यांना जोडणारे हे सूत्र आजही या शाखेचे प्रमुख हत्यार आहे. १९७९ च्या जानेवारीत त्याच संस्थेने आणखी एक परिषद घेतली. तिच्या नावातच ऑटोमॉर्फिक फॉर्म, प्रतिरूपण सिद्धांत आणि अंकगणित हे तिन्ही शब्द होते. म्हणजे आज बेंगळुरूत जे चालते, त्याला देशात निदान अर्धशतकाची परंपरा आहे.

जानेवारी १९६७ मध्ये तिशीतल्या रॉबर्ट लँगलंड्स यांनी आंद्रे वेय्य यांना १७ पानांचे हस्तलिखित पत्र दिले. निव्वळ कल्पनाविलास म्हणून वाचायची तयारी नसेल तर पत्र कचऱ्याच्या टोपलीत टाकावे, अशी विनंती त्यात होती. वेय्य यांनी ते टंकलिखित करून घेतले आणि ते हातोहात फिरू लागले. लँगलंड्स हे हरीश-चंद्र यांच्या कामात मुरलेले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : समीकरणांच्या मुळांची अदलाबदल करणाऱ्या ज्या सममिती गॅल्वा यांनी शोधल्या, त्यांची प्रतिरूपणे एका बाजूला, हरीश-चंद्र ज्यांचा अभ्यास करीत होते त्या ग्रुपांची प्रतिरूपणे दुसऱ्या बाजूला, आणि या दोन याद्या परस्परांशी जुळतात. हा ‘लँगलंड्स कार्यक्रम’. २०१८ चे आबेल पारितोषिक लँगलंड्स यांना त्यासाठी मिळाले.

हे फार उंचावरून झाले. ६९१ कडे परतले की त्याचा अर्थ हाताला लागतो. सेर यांनी सुचवलेले आणि देलिन्य यांनी सिद्ध केलेले असे की टाऊमागे गॅल्वा सममितींचे एक प्रतिरूपण आहे, दोन ओळी आणि दोन स्तंभांच्या मॅट्रिक्सचे. प्रत्येक मूळ संख्येला त्यात एक मॅट्रिक्स मिळते. त्या मॅट्रिक्सच्या कर्णावरील दोन संख्यांची बेरीज म्हणजे त्या मूळ संख्येचा टाऊ. त्याचा निश्चयक म्हणजे तिचा अकरावा घात. रामानुजन यांच्या सर्व निरीक्षणांचा उगम इथे आहे. ६९१ च्या पटी शून्य मानल्या की कर्णावर १ आणि अकरावा घात अशा दोन संख्या उरतात. म्हणजे ६९१ च्या नजरेत हे प्रतिरूपण दोन एकेरी तुकड्यांत मोडते, आणि २०४९ व २०७३ चा तो हिशेब त्या मोडण्याची खूण आहे.

१९७६ मध्ये केनेथ रिबेट यांनी विचारले, की ते पुरते मोडते का? मूळ प्रतिरूपण अखंड आहे. त्यामुळे मॅट्रिक्स अशा रीतीने मांडता येते की ६९१ च्या नजरेत एक कोपरा शून्य झाला तरी समोरचा कोपरा शून्य होत नाही. त्या उरलेल्या कोपऱ्यात काय आहे, हे रिबेट यांनी पाहिले. तिथे एक नवे संख्याक्षेत्र दडलेले होते.

त्या क्षेत्राची कथा कुमर यांच्यापर्यंत, १८५० पर्यंत, मागे जाते. फेर्माच्या शेवटच्या प्रमेयामागे लागलेल्या कुमर यांना आढळले होते की काही मूळ संख्या त्रास देतात. एका पूर्णांकाचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, ही शाळेतली खात्री मोठ्या संख्याक्षेत्रांत टिकत नाही. ती किती बिघडते हे मोजणारी वस्तू म्हणजे ‘क्लास ग्रुप’. ज्या मूळ संख्येच्या बाबतीत हा बिघाड त्याच संख्येच्या पटीत असतो, ती अनियमित. ६९१ अशीच एक आहे, आणि कुमर यांची कसोटी बर्नुली संख्यांच्या अंशांवर चालते. बारावी बर्नुली संख्या −६९१/२७३०. आयझेनस्टाइन फलनाच्या स्थिर पदात बसलेला ६९१ हाच. पण नेमका कोणता बर्नुली अंश क्लास ग्रुपच्या कोणत्या भागाला जबाबदार आहे, याची अर्धीच बाजू १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात एर्ब्रां यांनी सिद्ध केली होती. उरलेली अर्धी रिबेट यांनी त्या कोपऱ्यातून काढली. प्रत्यक्ष लेखात त्यांनी थोडे वेगळे मॉड्युलर फॉर्म वापरले, कल्पना मात्र हीच. रामानुजन यांच्या भागाकारातली शून्य बाकी अशा रीतीने साठ वर्षांनी अवयवांच्या बिघाडाची साक्ष ठरली.

संख्या सिद्धांत आणि प्रतिरूपण सिद्धांत यांचा जोड म्हणतात तो हा. दोन शाखांची नावे एका शीर्षकात येणे एवढ्यापुरता तो नाही. एका बाजूला न दिसणारी वस्तू दुसऱ्या बाजूने बांधून दाखवता येते.

रिबेट यांची ही रीत बेरी मेझर आणि अँड्र्यू वाइल्स यांनी पुढे नेली. जोडाच्या दुसऱ्या टोकाला मुंबईत जन्मलेले चंद्रशेखर खरे आहेत. टाटा संस्थेत अनेक वर्षे काम केलेले खरे आणि फ्रान्सचे झाँ-पिएर वँतेनबर्जे यांनी सेर यांचे अनुमान सिद्ध केले. त्याच्या पहिल्या मोठ्या टप्प्याची सिद्धता २००६ मध्ये एकट्या खरे यांच्या नावावर छापून आली होती. टाऊपासून प्रतिरूपण मिळते हे देलिन्य यांनी दाखवले होते. खरे आणि वँतेनबर्जे यांनी उलट दिशा दाखवली, की योग्य लक्षणांचे दोन-मितीय प्रतिरूपण सापडले तर त्यामागे मॉड्युलर फॉर्म असतेच.

बेंगळुरूचा दुसरा अध्याय महेश काकडे यांचा. जन्म १९८३, अकोला. बेंगळुरूच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतून २००४ मध्ये गणिताची पदवी, मग केंब्रिज, जॉन कोट्स यांच्याकडे २००८ मध्ये डॉक्टरेट. वाइल्सही कोट्स यांचेच विद्यार्थी, म्हणजे नात्याने गुरुबंधू. प्रिन्स्टन आणि लंडन येथे काम केल्यानंतर काकडे २०१९ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. चौऱ्याहत्तर वर्षांपूर्वी हरीश-चंद्र याच आवारातून निघाले, ते कायमच्या नोकरीसाठी पुन्हा भारतात आले नाहीत. त्या काळी या विषयाचे ग्रंथ, सहकारी आणि चर्चा मिळण्याची ठिकाणे पृथ्वीवर मोजकीच होती. आता त्यांतले एक ठिकाण बेंगळुरू आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

काकडे आणि ड्यूक विद्यापीठातील समित दासगुप्ता यांनी २०२० मध्ये ब्रूमर-स्टार्क अनुमानाची सिद्धता जाहीर केली, २ ही मूळ संख्या वगळून. पूर्णतः वास्तव संख्याक्षेत्र, म्हणजे २ च्या वर्गमुळातून बनणाऱ्या क्षेत्रासारखे, ज्याची सारी रूपे वास्तव संख्यांतच बसतात असे क्षेत्र, हा त्याचा पाया. अशा क्षेत्राचा विस्तार केला तर एल-फलन नावाच्या अनंत श्रेणीची शून्यापाशीची किंमत त्या विस्तारातील काही विशिष्ट संख्यांचे अस्तित्व ठरवते, असे ते अनुमान सांगते. सिद्धतेची रीत रिबेट यांची : आयझेनस्टाइन श्रेणी घ्या, स्थिर पद जिथे नाहीसे होते तिथे तिला टाऊसारख्या फलनाशी जुळवा, प्रतिरूपण मोडते तिथला कोपरा वाचा. मात्र ६९१ च्या जागी इथे अख्खा ग्रुप-रिंग आणि एका चलाच्या फलनांच्या जागी अनेक चलांची हिल्बर्ट मॉड्युलर फॉर्म येतात. कल्पना शंभर पानांनी फुगते आणि तरी ओळखू येते.

२०२१ मध्ये दोघांनी पुढचे पाऊल टाकले. दासगुप्ता यांनी २००८ मध्ये या विशिष्ट संख्यांसाठी एक पी-अ‍ॅडिक सूत्र सुचवले होते. ते खरे असल्याचे त्यांनी दाखवले. या संख्या वापरून पूर्णतः वास्तव क्षेत्राचे सर्व आबेलीय विस्तार बांधता येतात. डेव्हिड हिल्बर्ट यांनी १९०० मध्ये मांडलेल्या तेवीस प्रश्नांपैकी बारावा प्रश्न अशाच विस्तारांच्या बांधणीचा आहे. त्यामुळे ‘हिल्बर्टचा बारावा प्रश्न सुटला’ असे मथळे आले, आणि काकडे यांना २०२२ चे गणितासाठीचे इन्फोसिस पारितोषिक मिळाले. काम त्या योग्यतेचे आहे. मथळा मात्र सावधपणे वाचावा लागतो. हिल्बर्ट यांच्या मनात संमिश्र संख्यांची फलने होती, साइन किंवा घातांकी फलनासारखी, ज्यांच्या विशिष्ट किमतींतून विस्तार मिळावेत. इथले उत्तर पी-अ‍ॅडिक आहे. स्वतः गणितज्ञही त्याला पूर्णतः वास्तव क्षेत्रांसाठीचे पी-अ‍ॅडिक उत्तर असेच म्हणतात. त्यातून प्रत्यक्ष समीकरणे संगणकावर काढता येतात, ही त्याची मोठी जमेची बाजू.

वगळलेली २ ही मूळ संख्या २०२३ मध्ये दासगुप्ता, काकडे, जेसी सिलिमन आणि जियुया वांग यांनी मिळून हाताळली, आणि ब्रूमर-स्टार्क अनुमान पूर्ण झाले. संमिश्र संख्यांच्या बाजूचे स्टार्क यांचे अनुमान बहुतांश क्षेत्रांसाठी अजून सिद्ध व्हायचे आहे. आणि २ च्या घनमुळापासून बनणाऱ्या साध्या क्षेत्रासाठीसुद्धा, जे पूर्णतः वास्तव नाही, हिल्बर्ट यांच्या बाराव्या प्रश्नाचे उत्तर कोणापाशीही नाही.